ताटातले दहा खडे

२००८ साली मी अमेरिकेत एडिसनमधल्या डाळी-मसाल्यांच्या एका वेअरहाऊसमध्ये कॉम्प्युटर सांभाळत होतो. पण मी इंजिनिअर ना, म्हणून गळक्या नळापासून रुसलेल्या फोर्कलिफ्टपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. तीस फूट उंच छतावरचे जुने सोडियमचे दिवे काढून एलईडी लावायचं मालकांनी ठरवलं, तेव्हा तेही माझ्याकडेच आलं.

त्या जुन्या पिवळ्या उजेडात साठीच्या एक काकू प्रत्येक पोत्यातली थोडी डाळ ताटात घेऊन निवडत. पोतं पास की नापास, हे त्या ठरवत. दोन दुकानांनी खडे निघाले म्हणून तूरडाळ परत पाठवली. काकूंनी दिव्यांना दोष दिला. मला ती सबब वाटली आणि मालकांनी विचारल्यावर मी ऐटीत सांगून टाकलं, की काकूंचे डोळे गेलेत. महिनाअखेरीस त्यांना घरी बसवायचं ठरलं. मला फार वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यायची हिंमत होईना.

एलईडीचे तीन नमुने आले. मी कागदावर आकडे मांडले आणि सर्वांत जास्त उजेडाचा दिवा निवडला. निळसर, पांढराफेक. तो काकूंच्या टेबलावर छताला टांगून घेतला. फोर्कलिफ्टवाला टोपी डोळ्यांवर ओढून फिरू लागला. मी खूश.

काकूंनी माझ्यापुढे तूरडाळीचं ताट सरकवलं. दहा खडे टाकलेत म्हणाल्या, शोध. डोळे फाडफाडून मला चार सापडले. त्या उजेडात डाळ आणि खडा सारखेच फिकट दिसत होते. खडे पुन्हा डाळीत मिसळले, दुसरा नमुना टांगून त्याच्याखाली बसलो, तर सहा. तिसरा कागदावर सर्वांत मंद, म्हणून मी आधीच बाद केलेला. त्याच्याखाली तूर तुरीच्या रंगाची दिसली आणि खडे पटापट हाताला लागले. नऊ झाले. दहावा काही सापडेना. मी अख्खं ताट तीनदा चाळलं.

"नऊच टाकले होते," काकू शांतपणे म्हणाल्या. "दहावा मालकांना माझे डोळे गेलेत म्हणून सांगून आला."

माझे कान तापले. ताट खाली ठेवून मी मालकांच्या केबिनकडे निघालो. दिवा कुठला घ्यायचा, ते नंतर सांगणार होतो.