वर्नाचे खुर्चीतले हेडफोन

वर्ना श्राग शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. गुरुवारी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल असले की आमच्या गावातले म्हातारेसुद्धा काहीतरी निमित्त काढून शाळेत डोकावायचे, इतकी तिच्या हाताला चव. पण वारा सुटला की हीच बाई भिंतीला हात टेकून उभी राहायची. आणि कॅन्ससमध्ये वारा नसतो असे दिवस वर्षाला किती?

एका मे महिन्यात चक्रीवादळानं तिच्या घराचं छप्पर नेलं होतं. ती आणि तिची आई न्हाणीघरातल्या टबात, अंगावर गादी ओढून पडून राहिल्या. दोघी वाचल्या. आई पुढं दोन वर्षांनी न्यूमोनियानं गेली. छप्पर नवीन बसलं. वर्ना म्हणायची, "छप्पर गेलं त्याचं काही नाही, ऑर्लिन. तो आवाज जात नाही."

मी ऑर्लिन अनरू. तिच्याच वर्गातला. मेन स्ट्रीटवर माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. मार्चमध्ये ती दुकानात आली आणि काउंटरवर तिच्या वडिलांचे हेडफोन ठेवले. बैठकीतल्या रेकॉर्ड प्लेअरला लावायचे, वाटीएवढे, कान पूर्ण झाकणारे.

"हे घालून मला चालत कामावर जायचंय."

"अगं, हे खुर्चीत बसून ऐकायचे असतात. रस्त्यात लोक हसतील."

"हसू देत. कानात घालायचे ते बारके आणून पाहिले. त्यातून वारा आत येतो. यातून येत नाही."

मी दहा फुटांची वायर कापून चार फुटांची केली, जाड पिन बदलली. तरी फोनला जोडल्यावर गाणं कुणी शेजारच्या खोलीत पुटपुटावं तसं यायला लागलं. एवढे मोठे हेडफोन चालवायची ताकद फोनमध्ये नसते. मग सिगारेटच्या पाकिटाएवढा, बॅटरीवरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडून दिला. तो कमरेच्या पाऊचमध्ये राहायचा. वर्नानं चर्चमधली, चढ्या-खालच्या चार आवाजांत मिळून गायची गाणी लावली आणि डोळे मिटले. दाराच्या फटीतून वारा शिट्टी घालत होता, आणि तिचे खांदे हळूहळू खाली आले. मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं आठवडाभर टिकलं. एका सकाळी चौकात एक पिकअप तिच्या मागं हॉर्न वाजवत थांबलेली दिसली, आणि ही आपली मान खाली घालून चाललेली. त्या दिवशी मी तिला गाठलं.

"वादळाचा सायरन वाजला तर तुला कळेल का?"

"गाण्यात खंड नको म्हणून फोन मुका ठेवलाय, पण इशारा आला की थरथरतो की."

"जाड जाकिटाच्या खिशात? चालताना?"

"ऑर्लिन, मी तुझ्याकडे भीती घालवायला आले होते. तू नवीन देऊ नकोस."

मी दुकानात परत आलो. पण तेव्हापासून दर दुपारी अडीचला, तिची शाळा सुटायच्या वेळेला, माझं लक्ष आभाळाकडे जायला लागलं. ती मेली तर ते माझ्या हातचं काम असणार होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या मंगळवारी नैऋत्येला आभाळ शेवाळी झालं. अडीच वाजून दहा मिनिटांनी सायरन वाजला. मी तिला फोन लावला. वाजत राहिला. दुकान उघडंच टाकून गाडीत बसलो.

शाळेच्या पूर्वेला रस्ता गव्हाच्या शेतांतून सरळ जातो. ती अर्ध्या वाटेवर होती, ढगाकडे पाठ करून. डोक्याला रुमाल, त्यावरून हेडफोन. मी हॉर्न दाबून धरला. तिनं मान वळवली नाही. माझ्या आरशात ढगाचं शेपूट खाली उतरत होतं. काचेवर गारा पडायला लागल्या. मी पुढं जाऊन गाडी आडवी घातली.

ती आधी चिडली. मग माझं तोंड पाहिलं, आणि मागं वळली.

पाय रोवल्यासारखी उभी राहिली. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. मी ओरडत होतो, तिला काही ऐकू येत नव्हतं. शेवटी दंडाला धरून ओढत गाडीत कोंबलं.

चर्च अर्ध्या मैलावर. तळघरात पाद्रीबाई लव्होन आणि गोधडी शिवायला आलेल्या दोन म्हाताऱ्या होत्या. आम्ही जिना उतरलो आणि दिवे गेले. मी भिंतीशी बसलो. तेव्हा वर्नानं आपल्या हातानं हेडफोन काढले.

"घाल ते," मी म्हटलं. "इथं घाल."

"नको. ते कुठवर आलंय हे ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

अंधारात तिचा श्वास कापत होता. पण ती सांगत राहिली. "जवळ येतंय. अजून जवळ. लव्होन, डोक्यावर हात घ्या." मग वरून मालगाडी जावी तसं काहीतरी गेलं, छतातून धूळ पडली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "वळलं. उत्तरेला गेलं." एका म्हातारीनं विचारलं, "नक्की?" वर्ना म्हणाली, "तो आवाज मी विसरेन का?"

उत्तरेकडची धान्याची दोन कोठारं चुरगळली. माणूस कुणी गेलं नाही.

दोन दिवसांनी मी तिच्यासाठी दुसरे हेडफोन घेऊन गेलो. मोठेच, पण मागून जाळीचे.

"यातून वारा येणार," ती म्हणाली.

"येणार. सायरनही येणार."

तीन आठवडे तिनं त्यांना हात लावला नाही, लव्होनच्या गाडीतून कामावर गेली. मग एके दिवशी घालून निघाली आणि कोपऱ्यावरून परत फिरली. दुसऱ्या दिवशी पोस्टापर्यंत पोचली. जाळीतून गाणं बाहेर सगळ्यांना ऐकू येतं, त्यामुळं रांगेतला डेल्बर्ट, चर्चमध्ये खालच्या सुरात गाणारा, म्हणाला, "वर्ना, जरा वाढव. खालचा आवाज नीट लागत नाहीये." ती लाजली, पण आवाज वाढवला.

वडिलांचे हेडफोन आता तिच्या खुर्चीपाशी असतात. वारा जास्त असेल त्या दिवशी ती अजूनही लव्होनला फोन करते. बाकी दिवशी चालत जाते, मुठी आवळून. आणि मी अडीचला दुकानाच्या दारात येऊन उभा राहतो.