पार्कातला पैरा

लीड्समधल्या आमच्या पार्कात तळं आहे, बाकडी आहेत, आणि एक संडास आहे. त्या संडासाला कौन्सिलनं कुलूप घातलं. पैसा नाही म्हणाली. पार्क फुकट, पण पोट हलकं करायचं तर घरी जा. मग म्हातारी माणसं यायची थांबली आणि लेकुरवाळ्या बाया आल्या तशा परतायला लागल्या.

अलकाक्का मात्र गप बसणारी नव्हती. आक्का खटाव तालुक्यातली. इथल्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिनं जन्म काढला. माणसाच्या अंगातनं जे जे निघतं ते सगळं धुतलं, त्यामुळं किळस हा प्रकारच तिला ठाऊक नाही. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. इंग्रजी यॉर्कशायरचं, हेल साताऱ्याचा. तसल्या इंग्रजीत तिनं कौन्सिलच्या बाईंना सांगितलं, "पाणी, लाईट, मोडतोड तुमची. त्याचाच टॅक्स घेताय. झाडलोट आमी करतो."

बाई म्हणाल्या, उन्हाळाभर करून दाखवा. शेवटी मी येऊन बघणार. घाण दिसली तर कुलूप कायमचं.

आक्कानं गल्लोगल्ली पैरा लावला. पैरा आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतो: आज सगळ्यांनी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू आमच्या. मजुरी नाही, आणि चुकवाचुकवी तर नाहीच. आक्काचा कायदा असा, की जो पार्कात आठवड्याची पाळी करंल, त्याच्या घरचं अडलेलं काम बाकीच्यांनी उरकायचं. शेजारची मॉरीन, नवऱ्यामागं एकटी राहिलेली गोरी बाई, तिनं पहिली पाळी केली. शनिवारी चौघांनी जाऊन तिचं परसू साफ करून दिलं. ते बघून माणसं आपसूक पाळी मागायला लागली.

फक्त आपल्या महाराष्ट्र मंडळातनं कुणी येईना. अध्यक्ष उल्हास, पुण्याचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. माणूस सरळ, पण हात कोरडे, कधी बादलीत न बुडालेले.

"आक्का, सिरियसली, आपण प्रोफेशनल क्लीनर ठेवू. मंडळ स्पॉन्सर करेल. एक छोटा बोर्ड लावू, दॅट्स ऑल."

"आन् पुढल्या साली मंडळ दमलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू ना."

"कौन्सिल बी असंच म्हनत हुती. बोर्डावर नाव तुजं, मग बादली कुनाची?"

"अहो, पण लोक काय म्हणतील? आपण संडास धुवायचे?"

"घरचा कोन धुतो? का तितं बी बोर्ड लावलायस?"

उल्हास हसला, पण पाळी काही घेतली नाही. त्याची अडचण घाणीची नव्हती. कुठलं काम कुणी करायचं नि कुणी नाही, हे आपण विमानात बसताना संगं आणलेलं असतं, आणि ते सामान कुठल्या काट्यावर चढत नाही. आक्काला हे पक्कं माहीत होतं. ती म्हणायची, पार्क नुसता कौन्सिलवर सोडला तर बंद पडतो, आणि मंडळाचा केला तर मंडळापुरता उरतो.

ऑगस्टात निम्मी गल्ली सुट्टीवर गेली. पाळ्या मोकळ्या पडायला लागल्या. आक्काला वाकता येईना, आणि कौन्सिलच्या बाईंचा निरोप आला, येत्या आठवड्यात येते.

आक्कानं उल्हासला फोन केला नाही. शनिवारी सकाळी असतील तेवढी माणसं घेऊन ती त्याच्या दारात उभी राहिली. त्याच्या कुंपणाची झुडपं फुटपाथवर आली होती, येणारे-जाणारे शिव्या घालत होते. मॉरीननं कात्री काढली. उल्हास रात्रीच्या पँटवर, कॉफीचा मग घेऊन बाहेर आला तोवर अर्धं कुंपण भादरून झालं होतं.

"आक्का, हे काय? मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"ठावं हाय."

"बरं, किती द्यायचे?"

"पैऱ्यात पैसं घ्यायची रीत न्हाय. सोमवारपासनं पाळी मोकळी हाय. आदी समद्यांना च्या ठिव."

त्यानं मग खाली ठेवला आणि फुटपाथवरच्या कापलेल्या फांद्या कडेला ओढल्या. मग आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

कौन्सिलच्या बाई आल्या तेव्हा अध्यक्ष कोपरापर्यंत पिवळे हातमोजे घालून संडासाची फरशी घासत होते. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल बांधला होता, आता तोही नव्हता. बाईंनी भांडी बघितली, नळ सोडून बघितले, दाराच्या मागं डोकावल्या. मग विचारलं, इथला कारभार कोण बघतं?

आपली ओळख करून द्यायची संधी उल्हासनं आयुष्यात सोडली नसंल. पण तो मान वर न करता म्हणाला, "बाहेर बाकड्यावर बसल्यात, त्यांना विचारा. माझी नुसती पाळी आहे."

बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, संडास उघडा राहील. पाणी, लाईट, मोडतोड आमच्याकडं.

दुसरं कुणी असतं तर हात जोडले असते. आक्कानं नुसतं सरकून बाकड्यावर बाईंना जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "आता गरम पान्याचा नळ कवा बशिवताय, त्ये बोलू."