द्वारकाचं तिकीट

माझी बायको द्वारका रोज सकाळी पेणचं तिकीट काढायची आणि गाडीत बसायची नाही.

आमचा रेल्वेचा थांबा म्हणजे तेव्हा एक पाटी आणि एक पत्र्याची शेड. बाकी सगळी भातशेती. ती तिथं पांढऱ्या कांद्याच्या माळी विकायची. एक दिवस तिकीटवाला गजा म्हणाला, "काकी, तिकिटं खपत न्हाईत. थांबा बंद करनार हायेत."

खपणार कुठून? आमचं गाव घरकोंबडं. मीसुद्धा.

द्वारकानं कंबर कसली. तिकीट दाखवल्याशिवाय कांदा नाही. चिंचेखालचा न्हावीही तिनं फितवला. बिनतिकिटाच्या माणसाची तो एकाच गालाची दाढी करायचा. मी नवरा म्हणून सवलत मागितली. म्हणाली, "नवरा हाय ना? मंग दोन काढा."

तिकिटं खपायला लागली. पण चढायचंही असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. लोक तिकीट घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवायचे.

मग तपासणीला रेल्वेचा साहेब आला. गाडी थांबली, एकही माणूस चढला नाही.

"बाई, तिकिटं घेणारी माणसं कुठायत?"

"सायेब, देवळात घंटा वाजवनारा काय देवाच्या मांडीवर बसतो?"

"उद्या परत येतो. माणसं चढलेली दिसली पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी द्वारकानं झाडून सगळं गाव गाडीत कोंबलं. म्हाताऱ्या, तान्ही पोरं, एक कोंबडासुद्धा. परतीची गाडी संध्याकाळी, हे पेणला उतरल्यावर कळलं. इकडे गावात उरली द्वारका, साहेब आणि हंबरणाऱ्या म्हशी. तिनं साहेबाच्या हातात पारडाची दोरी दिली. "धरा. माणसं तुमीच पाठवलीत."

आम्ही परतलो तेव्हा साहेबाच्या पँटीला शेण लागलेलं. पण थांबा राहिला.

गाडी थांबते म्हणून चहावाला आला. मग सिमेंटवाला, डॉक्टर, क्लासवाले. चिंचेखालच्या न्हाव्याच्या पोरानं एसीचं सलून काढलं. आता तर बाजारात चालायला वाट नाही. द्वारका करवादायची, "मी थांबा मागितला व्हता. यांनी जत्रा भरवली."

ती स्वतः कधीच गाडीत बसली नाही. मी म्हणायचो, एकदा चल की. "मी चढले तर इथं बघंल कोन?"

गेल्या पावसाळ्यात तिला दम लागला. रिक्षानं दवाखान्यात नेत होतो, तर फाटक बंद. मी गाडीला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. तिनं माझा हात दाबला.

"शिव्या नका देऊ. थांबली का ती बघा."

"थांबली."

"बरं," म्हणाली. दवाखान्यात पोचल्यावर फार वेळ राहिली नाही.

आता सकाळी मी जातो. गजाही म्हातारा झालाय. रोज विचारतो, "काका, एक का दोन?"

मी दोन काढतो. गाडी जाईपर्यंत उभा राहतो आणि घरी येतो. देव्हाऱ्यात आता जागा उरली नाही.