पणजोबांची आत्या

थोरल्या काकांनी आमची वंशावळ फ्लेक्सवर छापून गणपतीत गावच्या घरी लावली. सगळे पुरुषच. मी विचारलं, "काका, बायका कुठायत?"

"बायका कोण लिहितं गो? त्या परक्या घरच्या."

गणपतीनंतर मी शाळेतून रजा घेतली आणि रोह्याहून गाडीनं पेणला गेले. आमचं गाव पेण तालुक्यात, जन्ममृत्यूची जुनी वही तिथंच. नोंदी मोडी लिपीत. नकला घेतल्या आणि पेणच्याच एका निवृत्त गुरुजींकडून वाचून घेतल्या.

आमच्या घरात तीन मुली जन्मून वर्षाच्या आत गेल्या होत्या. नावं नव्हती, नुसतं 'मुलगी'. पुढं पणजोबांचा जन्म, आणि त्याच पानावर त्यांच्या आईचा मृत्यू, बाळंतपणात. तीन वर्षांनी वडीलही तापानं गेले. ती खबर देणाऱ्याच्या जागी गुरुजींचं बोट थांबलं. "मयताची विधवा बहीण," त्यांनी वाचलं. पुढे तिचं नाव होतं.

घरात उरली ती आणि तीन वर्षांचं पोर. जमिनीच्या जुन्या फेरफारातही पोर सज्ञान होईपर्यंत वहिवाटीला तिचंच नाव निघालं. पणजोबांनी एकट्यानं जमीन राखली, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. ह्या बाईबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. गुरुजींसमोरच मला रडू आलं. रागाचं.

पुढच्या गणपतीत पुन्हा तोच फ्लेक्स. मी काकांसमोर नकला ठेवल्या.

त्यांनी चष्मा लावून पाहिल्या. "जमीन पणजोबांनीच राखली. ती दिलेली पोरगी, तिचं हितं काय?"

"तीन वर्षांचं पोर भात लावत होतं काय, काका?"

मी पर्समधून मार्कर काढला आणि पणजोबांच्या वरच्या ओळीत त्यांच्या आत्याचं नाव लिहिलं, ठळक. मग खाली तीन चौकोन काढू लागले.

"आता ते काय?"

"पणजोबांच्या बहिणी."

"नावंच नाय त्यांना!"

"मग 'मुलगी' लिहिते."

तीनदा लिहिलं. काका उठून पडवीत गेले, आरतीलाही आले नाहीत. काकू मात्र फ्लेक्ससमोर उभी राहून बराच वेळ वाचत होती. मग हळूच म्हणाली, "माझंपन लिव गो."

लिहिलं. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. नाही तर नाही. मी दर गणपतीला जाते, पुढच्या दारानं.