याडीची खुर्ची

अध्यक्षानं माझ्या याडीला दंडाला धरून खुर्चीवरून ओढलं. माझ्या आईला. ती फरशीवर आपटली. हातभर घातलेल्या पांढऱ्या बलिया, तिच्या बांगड्या, कचकन फुटल्या आणि एक तुकडा तिच्या मनगटात घुसला. रक्त घागऱ्यावर ठिबकलं. हॉल माणसांनी भरलेला होता. एकही उठला नाही. स्टेजवरच्या पाहुण्यानं मोबाईल काढून त्यात डोकं घातलं.

"सतरंजीवर बसा म्हटलं ना तुम्हाले? खुर्च्या मेंबरायच्या आहेत."

हे अध्यक्षाचे शब्द. सेवा करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष. मी त्याला अकरा वर्षं भाऊसाहेब म्हणत होते. आता तो.

अकरा वर्षं मी त्या मंडळात फुकट राबले. घाटंजीकडच्या तांड्यांवरून मोतीबिंदूची म्हातारी माणसं गोळा करायची, टेम्पोत बसवायची, ऑपरेशन झालं की वेळेवर डोळ्यांत थेंब टाकायचे, कुणी ओकलं तर पुसायचं. फोटोच्या वेळी सभासद यायचे, काळे चष्मे वाटायचे आणि जायचे. मी सभासद नव्हते. सभासद व्हायला दोन सभासदांची शिफारस लागायची. तांड्यातल्या बाईसाठी तसा कागद लिहायला कुणाचा हात धजला नाही. दर महिन्याच्या सभेत तो पितळी घंटा वाजवायचा, सगळे आपापल्या नावाच्या खुर्चीवर बसायचे, मी भिंतीला टेकून उभी. चहा मात्र माझ्याच हातचा.

मग खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. कोणी पोराकडं पुण्याला गेलं, कोणी गुडघे धरून घरी बसलं, कोणी मेलं. नवीन कोणी येईना. कशाला येतील? शेवटी मंडळाच्या जिल्हा कचेरीचं पत्र आलं. सभासद वाढवा, नाहीतर शाखा बंद. सभेत सगळ्यांची तोंडं पडलेली. मी भिंतीजवळूनच बोलले.

"जे काम करतात त्याईले सभासद करा. शिफारशीची अट काढा. तांड्यातांड्यात गट करा, गटातला माणूस कमिटीत घ्या. शिबिर कुठं घ्यायचं ते त्याईले ठरवू द्या."

"तू पहिले चहा आन वं," तो म्हणाला. सगळे खदखदून हसले. आणि मी चहा आणला. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

महिन्याभरानं त्यानं माझंच बोलणं कागदावरून वाचून दाखवलं. नाव दिलं 'पुनर्रचना'. टाळ्या पडल्या. राग आला, पण मी अशी वेडी की आनंदही झाला. म्हटलं, नाव कुणाचंही होवो, काम होऊ दे.

फॉर्म भरायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. आमच्या आणि शेजारच्या दोन तांड्यांतल्या बायांचे फॉर्म मी भरले. प्रत्येकीच्या दारात बसून सांगितलं, तुला मत आहे, तू खुर्चीवर बसशील. याडीनं अंगठा लावला नाही. सही केली. तीन वाकडी अक्षरं. त्यासाठी चार दिवस ती चुलीपुढच्या राखेत बोट फिरवत होती.

पदग्रहणाच्या दिवशी बाया कापूस वेचणीची मजुरी बुडवून, नटूनथटून आल्या. त्यानं मला कोपऱ्यात घेतलं.

"ह्या बाया सहयोगी आहेत. मतबित काही नाही. पाव्हने आले का ह्याईचा नाच ठेव, अन् मंग सतरंजीवर बसव."

"फॉर्मवर तसं नाही लिहिलं, भाऊसाहेब."

"तू कायले डोकं लावून राह्यली?"

तोवर याडी पहिल्या रांगेत जाऊन बसली होती. तो तिच्यावर खेकसला. "म कोनी ऊठू," ती शांतपणे म्हणाली. मी नाही उठणार. मग त्यानं तिला ओढलं.

मी तिला उचलायला धावले, तर त्यानं माझ्या थोबाडीत मारली. "लमान्याईले चढवलं का डोक्यावरच बसते!"

टेबलावर घंटा होती. मी ती उचलली आणि त्याच्या हातावर हाणली. ज्या हातानं याडीला ओढलं त्याच हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? दुसऱ्यांदा उगारली तेव्हा याडीनं खालून माझा पदर ओढला, म्हणून थांबले. घंटा तशीच हातात घेऊन मी बाहेर पडले. बाया माझ्या मागोमाग निघाल्या.

आठ दिवसांनी मंडळाचा सचिव तांड्यावर आला. म्हणाला, माफी लिहून दे, घंटा दे, सगळ्या बायांचे राजीनामे दे, म्हणजे पोलिसात जात नाही. याडी समोरच बसली होती, मनगटाला टाके.

"राजीनामे कायले पाह्यजे?" मी विचारलं. "आम्ही तर सहयोगी आहो ना?"

तो जमिनीकडं बघायला लागला. तिथंच मला शंका आली. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं यवतमाळला गेले, जिल्हा कचेरीत सभासदांची यादी मागितली. तिथं सहयोगी सभासद मोजतच नाहीत. आकडा दाखवायला अध्यक्षानं मी भरलेले फॉर्म जसेच्या तसे पाठवले होते. यादीत आम्ही सगळ्या पूर्ण सभासद होतो, मत असलेल्या. जुन्या सभासदांहून जास्त. नियमावलीही वाचली. निम्म्याहून जास्त सभासदांनी लिहून दिलं तर सभा घ्यावीच लागते.

तिथूनच सचिवाला फोन लावला. "पोलिसात जा म्हनाव त्याले. आम्हीबी टाके घेऊन येतो."

माफी नाही. राजीनामा नाही. हात मोडल्याची जी काय शिक्षा होईल ती भोगीन. पण सभा होणार. मागणीच्या कागदावर सह्या झाल्यात, सगळ्यात वर तीच तीन वाकडी अक्षरं. पहिला ठराव त्याला अध्यक्षपदावरून काढण्याचा. घंटा माझ्या घरात आहे, ती मी वाजवीन. याडी पहिल्या रांगेत त्याच खुर्चीवर बसेल. आणि या खेपेला कुणी तिच्या दंडाला हात लावला, तर घंटा हातावर मारणार नाही. डोक्यात घालीन.