रोकाकूंचा मानपान

स्वतःच्या आजाराशी सासरच्या माणसांसारखं अदबीनं वागणारी बाई उभ्या जर्मनीत एकच असेल, आणि ती माझी थोरली मेहुणी आहे. ताईला ल्युपस आहे. शरीराच्या राखणीला नेमलेली प्रतिपिंडं या आजारात घरच्यांनाच चोर समजून धोपटतात. दुसरं कुणी हबकलं असतं. ताईनं त्यांच्याशी नातं जोडलं. तिच्या रक्तात सापडलेल्या एका प्रतिपिंडाला डॉक्टर 'रो' म्हणतात, ही म्हणते 'रोकाकू'. अंगावर पुरळ उठलं की, "काकूंचं काहीतरी बिनसलंय." फ्रँकफर्टच्या तिच्या ऑफिसात एका जर्मन सहकाऱ्यानं तब्येतीची चौकशी केली, तर हिनं त्याला आपल्या लग्नांतल्या रुसव्याफुगव्यांवर व्याख्यानच दिलं. तो बिचारा 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', करत राहिला. "ताई, या काकूंना हाकलून द्या," असं मी एकदा म्हणालो, तर मलाच ऐकावं लागलं. "मिलिंदराव, त्या दुष्ट नाहीत हो. घरचं कोण, ते ओळखत नाहीत एवढंच." गोळ्या मात्र ती वेळच्या वेळी घेते.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की नेमकी हीच प्रतिपिंडं आईकडून बाळापर्यंत पोचतात आणि क्वचित त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. मग दर आठवड्याला तपासणीचा टर्मिन, म्हणजे ठरलेली भेट, सुरू झाला. डोहाळजेवणाला आम्ही गेलो, तर टेबलाशी एक खुर्ची रिकामी, पुढे वाढलेलं ताट आणि शेजारी खण-नारळ. "काकूंचं आहे," ताई म्हणाली. "लग्नात एकीचा मान राहून गेला तरी अख्खा मांडव डोक्यावर घेतात. इथे नको बाई तसलं काही." आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही.

पुढच्या टर्मिनला तिचे यजमान कामासाठी न्युरेम्बर्गला होते, म्हणून सोबत मी गेलो. पडद्याआडून बाळाचे ठोके ऐकू येत होते. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आल्झो... तर, सगळं नियमित आहे." परतताना ट्राममध्ये ताईनं विचारलं, "तुम्हालाही नियमितच वाटले ना?" मला त्यातलं काय कळतंय! तरी मी ठासून हो म्हणालो.

लेक आता तीन वर्षांची आहे. ठणठणीत आहे, आणि मराठीत रागावलं तरी उलट उत्तर जर्मनमध्ये देते. दुपारी ती झोपली की ताई तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवून बसते. आपल्याला कुणी पाहतंय असं लक्षात आलं, की पांघरूण सारखं केल्यासारखं करते. अशा वेळी मला तिच्याविषयी फार माया वाटते, पण मी तसाच मागे फिरतो.