रोल नंबर सत्तेचाळीस

एफ.वाय.च्या पहिल्या महिन्यात मी एकही लेक्चर चुकवलं नाही आणि माझी हजेरी शून्य टक्के लागली.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. बाबा बोरिवलीच्या एका टॉवरमध्ये लिफ्टमन. आई दहिसरच्या आमच्या खोलीत बसून लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करायची. दोघंही आठवीपर्यंत शिकलेली, तीही मालवणात. बाबा ड्युटीवर जाताना मला स्कूटरवरून कॉलेजच्या गेटपर्यंत सोडायचे आणि मी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहायचे. गेटच्या आत कुठे जायचं, हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

टाइमटेबलवर रूम नंबर २०४ लिहिला होता. मी २०४ शोधून पहिल्या बाकावर जाऊन बसले. (कॉलेजला जुनी आणि नवी अशा दोन बिल्डिंगी आहेत आणि दोन्हींत २०४ आहे, हे कळायला कुणाला तरी विचारावं लागलं असतं. विचारलं तर आपल्याला काही कळत नाही हे कळेल, म्हणून विचारलं नाही.) हजेरी नंबराने व्हायची. ‘सत्तेचाळीस’ ऐकलं की मी उभी राहून ‘येस सर’ म्हणायची. शिकवलेलं एक अक्षर कळायचं नाही. पण कॉलेज अवघड असतं असं सगळेच सांगायचे, त्यामुळे मला संशय आला नाही. उलट आपण फारच वरचं शिकतोय याचा अभिमान वाटायचा. सर बोलतील ते सगळं मी उतरवून घ्यायची, फक्त त्यांचा खोकला सोडून.

महिन्याने बाबांना कॉलेजातून फोन आला, पालकांनी येऊन भेटावं म्हणून. बाबांच्या माहितीत पालकांना फक्त सत्काराला बोलावतात, कारण दहावीला शाळेने तसंच बोलावलं होतं. त्यांनी सुट्टी टाकली, शर्टाला कडक इस्त्री केली आणि अर्धा किलो पेढे आणि एक नारळ घेतला. आई लग्नातली साडी नेसली. मीही त्यांना अडवलं नाही. महिनाभर इतकं लिहिलं होतं, सत्कार असेलही.

आमच्या वर्गाच्या मॅडम कामात होत्या. बाबांनी आधी त्यांच्या हातात नारळच दिला. त्या नारळाकडे बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, “तुमची मुलगी एक दिवसही कॉलेजला आलेली नाही. असंच चाललं तर परीक्षेला बसता येणार नाही.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. “मी रोज गेटवर सोडतो हिला,” एवढंच ते मॅडमना म्हणाले, आणि गेटच्या आत शिरून मी कुठे जात असेन याचे सगळे वाईट पर्याय त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकताना मला दिसले.

मी बॅगेतून भरलेली वही काढून टेबलावर ठेवली. मॅडमनी चार पानं उलटली, चष्मा पुसला, पुन्हा उलटली. “अगं, हे सगळं सेकंड इयरचं आहे.” त्यांनी जुन्या बिल्डिंगमधल्या सरांना बोलावून घेतलं. सरांनी मला लगेच ओळखलं. वर्गातली सगळ्यांत नियमित मुलगी हीच, असं कौतुकही केलं. त्यांची खरी सत्तेचाळीस नंबरची मुलगी अजून एकदाही कॉलेजला फिरकली नव्हती. माझ्या कृपेने तिची हजेरी शंभर टक्के होती.

आईला हे समजायला जरा वेळ लागला. मग तिने विचारलं, “मगे आतापर्यंत शिकलंस ता कोणाचा?”

यावर मॅडम इतक्या हसल्या की त्यांनी माझा महिना माफच करून टाकला. यापुढे दांडी मारायची नाही, अशी ताकीद मात्र दिली. बाबा तडक मला घेऊन नव्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आले, दारावरचा नंबर मोठ्याने वाचला आणि भरलेल्या वर्गाला विचारलं, “फर्स्ट इयर बी.ए. हेच ना? नक्की?” साठ जणांनी एका सुरात हो म्हटलं. “ही माझी मुलगी. आजपासून इथे बसेल.” मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. तेवढ्यात आईने, आणलेच आहेत तर, म्हणत बाकाबाकावरून पेढे वाटायला सुरुवात केली. मधल्या सुट्टीपर्यंत मला सात मैत्रिणी झाल्या होत्या.

वर्षभरात मी काय काय चुकले ते सांगत नाही, पण पास झाले. सेकंड इयरला जुन्या बिल्डिंगमध्ये गेले तेव्हा ते सर निवृत्त झाले होते आणि नव्या मॅडम आल्या होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं, त्या जुन्या वहीच्या कृपेने, वर्गात फक्त मला आली. आता कॉलेज आपल्याला जमलं, असं वाटून मी ताठ बसले. मॅडम माझ्याजवळ आल्या, पाठीवर हात ठेवला आणि मायेने म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नकोस हं. दुसऱ्यांदा बसताना बऱ्याच जणांना जमतं.”